शेवटी निघणाऱ्याने दिवा मालवावा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





संगणकाविषयी बोलावयाचे म्हटले की आजकाल दोनच गोष्टी कानावर येतात. एक तर पगाराचा आकडा, नाही तर यंत्रे माणसाची नोकरी खाणार ही भीती. मी आज या दोहोंपैकी काहीही सांगणार नाही. संगणकाच्या पोटातील एका अगदी साध्या कामाविषयी मी बोलणार आहे. ते काम म्हणजे मोजणी. एखादी वस्तू या घटकेला किती जण वापरीत आहेत, याची मोजणी. ती चुकली तर काय होते, चूक शोधावी कशी, दुरुस्त करावी कशी, आणि अमरावती-अकोल्याच्या आपल्या मुलामुलींचा या कामाशी काय संबंध पोहोचतो, एवढाच आजचा विषय आहे.

वऱ्हाड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कापूस येतो, संगणक येत नाही. परंतु भारताचा पहिला महासंगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, ते डॉ. विजय भटकर हे आपल्याच भागातले. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातले मुरंबा हे त्यांचे जन्मगाव. नागपूर, बडोदा, दिल्ली असे शिक्षण करीत ते पुढे गेले. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तेथे 'परम ८०००' तयार झाला. पुढे १९९८ मध्ये 'परम १००००' आला. तो अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या यंत्रांची जुळणी करून बांधलेला होता. हीच ती सन कंपनी, जिच्या १९८२ मधील संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते. आणि आजच्या विषयाचे मूळही याच कंपनीत आहे.

१९८४ च्या सुमारास सन कंपनीत एक पद्धत तयार झाली. तिचे नाव नेटवर्क फाइल सिस्टिम, संक्षेपाने एनएफएस. कल्पना अशी की फाइली एका मोठ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावयाच्या आणि खोलीतील इतर सर्व संगणकांनी त्या तारेवरून अशा वापरावयाच्या की जणू त्या स्वतःच्याच डिस्कवर आहेत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी कोणत्याही संगणकापुढे बसला तरी त्याला त्याच्या स्वतःच्या फाइली दिसतात. त्यामागे पुष्कळदा हीच किंवा अशीच व्यवस्था असते. इस्पितळातील तपासण्यांची चित्रे, विद्यापीठाच्या संशोधनाचे आकडे, महासंगणकाची आकडेमोड, अशा ठिकाणी ही पद्धत आजही चालू आहे. लिनक्स नावाच्या मुक्त संगणक-प्रणालीतही एनएफएसचा कोड आहे, आणि तो कोणालाही उघडून वाचता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे यावयाचे आहे.

आता मोजणीकडे येऊ. समजा, आपल्या संस्थेने रात्रीची एक अभ्यासिका उघडली. शिपाई रात्रभर बसू शकत नाही. म्हणून दारावर एक पाटी टांगली आणि नियम केला की आत येणाऱ्याने पाटीवरील आकड्यात एक मिळवावा, बाहेर जाणाऱ्याने एक वजा करावा, आणि ज्याच्या वजा करण्याने शून्य होईल त्याने दिवा-पंखा बंद करून, कुलूप लावून किल्ली परत द्यावी. किल्ली परत आली की ती खोली दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाला द्यावयास संस्था मोकळी. किती सोपा नियम आहे! कोण आले, कोण गेले, नाव काय, याची नोंद नको. फक्त आकडा पुरे.

संगणकाच्या मेमरीत हाच नियम चालतो. मेमरी म्हणजे अशा हजारो-लाखो खोल्या. उघडलेल्या प्रत्येक फाइलीची, प्रत्येक जोडणीची, प्रत्येक कुलपाची नोंद एकेका खोलीत असते आणि त्या खोलीच्या दारावर एक पाटी असते. या पद्धतीला रेफरन्स काउंटिंग म्हणतात. ही युक्ती जॉर्ज कॉलिन्स या गणितज्ञाने १९६० मध्ये छापून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी दुसरी एक रीत मांडली. मधूनमधून यंत्राने स्वतःच फेरी मारावी, कोणत्या खोल्या कोणीच वापरीत नाही ते पाहावे आणि त्या रिकाम्या कराव्या. ही दुसरी रीत प्रोग्राम लिहिणाऱ्याला आरामाची. परंतु लिनक्सचा गाभा सी भाषेत लिहिलेला आहे आणि तेथे अशी फेरी मारणारा कोणी नाही. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यानेच हिशेब ठेवावयाचा असतो.

आता या सोप्या नियमात किती प्रकारांनी गफलत होते ते पाहा.

एक जण मागच्या दाराने निघून गेला आणि त्याने वजाबाकी केली नाही. खोली रिकामी आहे, पण पाटीवर एक आहे. दिवा रात्रभर जळतो, खोली कोणालाच मिळत नाही. संगणकाच्या भाषेत ही मेमरीची गळती. अशा खोल्या वाढत वाढत एक दिवस सर्व्हरजवळ जागाच उरत नाही.

दुसरा आत आला, पण त्याने बेरीज केली नाही. किंवा कोणी जाताना दोनदा वजाबाकी केली. पाटीवर शून्य आले. खोलीला कुलूप लागले आणि सकाळी ती दुसऱ्याला दिली गेली. आत पहिल्याची वह्या-पुस्तके पसरलेली, तो स्वतःही आतच! संगणकात याचा अर्थ असा की एक काम ज्या जागेला आपली फाइल समजून लिहीत आहे, तेथे आता दुसऱ्याचीच नोंद आहे. हा सर्वांत घातक प्रकार.

तिसरी गफलत दोघे एकाच क्षणी दारात आल्याने होते. पाटीवर चार आहे. दोघांनीही चार वाचले, दोघांनीही पाच लिहिले. वस्तुतः सहा पाहिजेत. म्हणून वाचणे आणि लिहिणे ही एकच अखंड क्रिया असावी लागते. मध्ये कोणाला शिरू देता येत नाही.

चौथी गफलत अशी की शेवटचा माणूस कुलूप लावीत असतानाच नवा येऊन पाटीवर शून्याचे एक करतो आणि आत घुसतो. बाहेर कुलूप लागते ते लागतेच. म्हणून नियम असा की पाटीवर शून्य दिसले तर आत जाऊ नये, कार्यालयात जाऊन नव्याने खोली मागावी.

पाचवी गफलत पाटीच्या आकाराची. पाटीवर दोनच आकडे मावत असतील तर नव्व्याण्णवानंतर पुन्हा शून्यच येणार. आणि सहावी अशी की दोन खोल्यांनी एकमेकींना धरून ठेवले, तर बाहेरचे सर्व जण गेले तरी दोन्ही पाट्यांवर एक-एक राहतोच, शून्य कधी येत नाही. ही उणीव १९६३ मध्येच दाखवून दिली गेली होती. त्यावर उपाय एकच. कोणी कोणाला धरावयाचे आणि कोणी फक्त ओळख ठेवावयाची, हे आधी ठरवून कोड लिहावा.

हे सर्व ऐकून पालकांना वाटेल की ही गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाही. तसे नाही. लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर फाइलींची सविस्तर यादी मागितली की दुसऱ्या रकान्यात एक आकडा येतो. एकाच फाइलीला किती नावे दिलेली आहेत, त्याची ती मोजणी. फाइल पुसणे म्हणजे खरे पाहता तिचे एक नाव काढून घेणे. नावे शून्य झाली, पण कोणी तरी ती फाइल अजून उघडून बसला आहे, तर प्रणाली ती फाइल नष्ट करीत नाही. शेवटच्या वाचणाऱ्याने ती बंद करीपर्यंत थांबते. नावांची मोजणी आणि वाचणाऱ्यांची मोजणी, दोन्ही शून्य झाल्यावरच जागा मोकळी होते.

हा शिष्टाचार एकाच यंत्राच्या आत सांभाळणे सोपे आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाला फाइल असली म्हणजे अडचण येते. एनएफएसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हर कोणाचीच आठवण ठेवीत नसे. ही योजना बुद्धिपुरस्सर केलेली होती. सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला तरी आठवावयाचे काहीच नसल्यामुळे काम पुढे चालू होई. परंतु त्यामुळे फाइल कोणी उघडून बसला आहे की नाही हे सर्व्हरला ठाऊकच नसे. मग पुसावयास सांगितलेली फाइल तो पुसून टाकणार आणि वाचणाऱ्याच्या हातात तुटका धागा राहणार. यावर वापरणाऱ्या यंत्रानेच एक तोड काढली. उघडी असलेली फाइल पुसावयास सांगितली तर ते तिला पुसत नाही, तिचे नाव बदलून टिंब व एनएफएस या अक्षरांनी सुरू होणारे एक विचित्र नाव देते आणि शेवटचा वाचणारा उठला की मग खरोखर पुसते. या युक्तीला तिच्या कर्त्यांनीच वेडगळ नामांतर म्हटले आहे. लिनक्समध्ये ती अद्याप आहे. मधेच ते यंत्र बंद पडले तर ती विचित्र नावाची फाइल सर्व्हरवर तशीच पडून राहते. कोणी तरी पाटीवरची वजाबाकी न करताच निघून गेल्याची ती खूण होय.

चौथ्या आवृत्तीने चित्र पालटले. तिचा पहिला मसुदा २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००३ मध्ये तो सुधारून पुन्हा काढण्यात आला. आता सर्व्हर आठवण ठेवू लागला. कोणी कोणती फाइल उघडली आहे, कोणी कुलूप लावले आहे, कोणाला फाइल तात्पुरती सोपवून दिली आहे, हे सर्व तो लिहून ठेवतो. सोपवून देणे म्हणजे असे की सर्व्हर एखाद्या यंत्राला सांगतो, ही फाइल सध्या तूच सांभाळ, प्रत्येक वेळी मला विचारू नकोस. दुसऱ्या कोणी ती मागितली की सर्व्हर पहिल्याला निरोप धाडून ती परत मागवितो. शिवाय प्रत्येक यंत्राने ठरावीक मुदतीत आपण हयात असल्याचे कळवावे लागते. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत साधारणपणे ९० सेकंदांची असते. मुदत टळली की सर्व्हर त्याच्या नावावरील नोंदी आवरू शकतो.

आठवण वाढली, नोंदी वाढल्या, म्हणजे पाट्याही वाढल्या. आता विचार करा. सर्व्हरने फाइल परत मागविण्याचा निरोप धाडला आहे. निरोप वाटेत आहे तोवर ती नोंद नष्ट होऊ नये, म्हणून निरोपाने पाटीवर एक मिळविला. उत्तर आले की तो एक वजा होतो. पण उत्तर आलेच नाही तर? तार तुटली, वीज गेली, तेवढ्यात ९० सेकंदांची मुदतही टळली. आता आवराआवर करणाराही त्याच नोंदीला हात घालतो आणि परत आलेला अपयशी निरोपही. वजाबाकी कोणी करावयाची? दोघांनी केली तर नोंद वेळेआधी नष्ट. कोणीच केली नाही तर ती कायमची अडकून बसली. मोजणीच्या बहुतेक चुका अशाच आडवाटेवर दडून असतात. सर्व काही सुरळीत चालले असता जो रस्ता असतो, त्यावरून कोड दिवसातून लाखो वेळा जातो. तेथील चूक लवकर उघडी पडते. काही बिघडले तरच ज्या रस्त्याने जावयाचे, तेथील चूक वर्षानुवर्षे झोपून राहते. उन्हाळ्यात वीज जाणे आणि मधेच इंटरनेट तुटणे हे आपल्याकडे नवीन नाही. तेव्हा माझ्या विद्यार्थी मित्रांनो, अशा आडवाटा तपासण्याची सामग्री परमेश्वराने वऱ्हाडात आयतीच दिली आहे!

लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत एक गमतीचा संदेश होता. फाइलींचा साठा काढून घेतेवेळी काही नोंदींची मोजणी शून्य झालेली नसेल, तर पडद्यावर येत असे की पाच सेकंदांत आत्मनाश होईल, आपला दिवस चांगला जावो. लिहिणाऱ्याने विनोद केला, पण त्यातील इशारा खरा होता. हिशेब जुळत नसताना दुकान बंद करावयाचे म्हटले की पुढे काय होईल याचा नेम नाही.

या चुकांचे मोल काय असते, याचे एक उदाहरण देतो. जानेवारी २०१६ मध्ये परसेप्शन पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी लिनक्सच्या गाभ्यातील एक चूक जाहीर केली. ती एनएफएसमधील नव्हती. गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातील होती. पण जात तीच. एखाद्या प्रोग्रामने आपल्याजवळ आधीच असलेला किल्ल्यांचा जुडगा पुन्हा मागितला, तर पाटीवर एक मिळविला जाई आणि आडवाटेने परत येताना वजाबाकी राहून जाई. दिसावयास नुसती गळती. पण त्या पाटीवर मावणारे आकडे मोजके होते. ४ अब्ज २९ कोटींहून थोडे अधिक. पुन्हा पुन्हा तेच करीत राहिले की आकडा फिरून शून्यावर येई, वापरात असलेली नोंद नष्ट होई आणि साध्या वापरकर्त्याला साऱ्या यंत्राची मालकी मिळे. संशोधकांच्या प्रयोगात याला सुमारे अर्धा तास लागला. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असतो, तेव्हा हा प्रश्न केवळ कंपन्यांचा नव्हता, आपल्या खिशातलाही होता. ही चूक जवळजवळ तीन वर्षे साऱ्या जगासमोर उघड्या कोडात पडून होती. आणि दुरुस्ती? फक्त एक ओळ. विसरलेली वजाबाकी.

एक ओळ लिहिणे सोपे, परंतु ती कोठे लिहावी हे समजणे कठीण. म्हणून शोधाची रीत सांगतो.

पहिली पायरी म्हणजे चूक पुन्हा घडवून आणणे. जी चूक मनात येईल तेव्हा घडवून दाखविता येत नाही, ती दुरुस्त झाली की नाही हेही सांगता येत नाही. त्यासाठी एकाच संगणकात दोन काल्पनिक संगणक उभे करावेत, एकाला सर्व्हर करावे, एकाला वापरणारा, आणि मधली जोडणी मुद्दाम तोडीत राहावे.

दुसरी पायरी हत्यारांची. गळती शोधणारे केमेमलीक हे साधन लिनक्समध्ये २००९ मध्ये आले. नष्ट झालेल्या जागेला कोणी हात लावला की तत्काळ ओरडणारे केसॅन हे २०१५ मध्ये आले. २०१७ मध्ये पाटीच नव्या प्रकारची करण्यात आली. ही नवी पाटी भरली की शून्यावर फिरत नाही, शेवटच्या आकड्यावर अडकून बसते आणि इशारा देते. त्यामागचा विचार फार शहाणपणाचा आहे. दिवा रात्रभर जळला तरी चालेल, पण माणूस आत कोंडला जाता कामा नये.

तिसरी पायरी म्हणजे ही चूक कोणत्या दिवशी आली ते काढणे. कोडातील प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवलेला असतो. काल चांगले होते, आज बिघडले आणि मध्ये हजार बदल झाले, तर हजार परीक्षा घ्याव्या लागत नाहीत. मधला बदल पाहावा. तेथे चूक असेल तर अलीकडचा अर्धा भाग, नसेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडावा. अशा अर्ध्या-अर्ध्याने दहा परीक्षांत उत्तर हाती येते. दोनचा दहावा घात १०२४, हे आपल्या मुलांनी शाळेतच शिकलेले असते.

चौथी पायरी कागद-पेन्सिलीची आहे आणि तीच खरी. संशयित फंक्शन कागदावर उतरवावे. त्यात शिरण्याची वाट एक असते, बाहेर पडण्याच्या वाटा चार-पाच. प्रत्येक वाटेवर पाटीचा आकडा लिहीत जावे. जेथे मिळविले तेथे अधिक एक, जेथे सोडले तेथे उणे एक. प्रत्येक वाटेअखेर हिशेब जुळलाच पाहिजे. यात एक फसगत असते. काही फंक्शनांचे नाव नुसते 'शोधा' असे असते, पण ती शोधलेली वस्तू हातात देताना पाटीवर एक मिळवूनच देतात. घेणाऱ्याला वाटते आपण काही घेतलेच नाही, म्हणून तो परतही करीत नाही. आपल्या घरात अमानत म्हणून ठेवलेल्या वस्तूसारखे हे आहे. ती कोणी, केव्हा, कोणाच्या हवाली केली हे दोन्ही बाजूंना स्वच्छ ठाऊक असले पाहिजे. परत करावयाची ती एकदाच. विसरावयाची नाही आणि दोनदाही नाही.

येथे एक धोक्याची सूचना देतो. गळती दिसली की घाईने वजाबाकीची ओळ ठोकून देण्याचा मोह होतो. परंतु ती वजाबाकी दुसऱ्या फाइलीतील दुसरे फंक्शन आधीच करीत असेल, तर आता ती दोनदा होईल. पूर्वी नुसता दिवा जळत होता, आता माणूस कोंडला जाईल. दुरुस्ती मूळ दुखण्यापेक्षा वाईट ठरते. म्हणूनच लिनक्समध्ये कोणतीही दुरुस्ती पाठविताना तिच्याबरोबर पत्र द्यावे लागते. चूक काय, ती कोणत्या बदलाने आली, ती घडते कशी, माझ्या बदलाने ती का थांबते, आणि शेवटी स्वतःच्या नावाने जबाबदारीची ओळ. त्या भागाचे जाणकार ते पत्र वाचतात, उलटतपासणी घेतात, आणि पटले तरच बदल स्वीकारतात.

या पद्धतीची कसोटी एप्रिल २०२१ मध्ये लागली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून एनएफएसच्या खालच्या थरासाठी एक दुरुस्ती आली. दोनदा होणारी मुक्तता टाळण्यासाठी एक तपासणी घातली आहे, असा तिचा दावा होता. त्या कोडाची नस न् नस जाणणाऱ्यांनी दाखवून दिले की या तपासणीने काहीच फरक पडत नाही. त्याआधी, २०२० मध्ये, याच विद्यापीठातील काही संशोधकांनी परीक्षकांची कसोटी पाहण्याकरिता जाणूनबुजून सदोष दुरुस्त्या पाठविल्या होत्या आणि त्यावर निबंध लिहिला होता. आता विश्वास उडाला. लिनक्सचे एक प्रमुख जाणकार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून काहीही स्वीकारावयाचे नाही असे जाहीर केले, आणि तेथून पूर्वी आलेले सुमारे १९० बदल पुन्हा तपासावयास काढले. त्यांतील पुष्कळ बदल निर्दोष निघाले. संशोधकांनी जाहीर माफी मागितली आणि निबंध मागे घेतला. यातून शिकावयाचे ते एवढेच. मोठ्या विद्यापीठाचे नाव पत्रावर असले म्हणून बदल स्वीकारला जात नाही, आणि एकदा विश्वास गेला की ज्यांनी प्रामाणिकपणे काम केले त्यांचेही काम पुन्हा तपासले जाते.

ह्याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्या मुलांच्या बाजूने आहे. पत्रावर मोठे नाव असून भागत नाही, तसे ते नसल्याने अडतही नाही. अचलपूरच्या, बाळापूरच्या, दर्यापूरच्या मुलाने किंवा मुलीने पाठविलेली दुरुस्ती बरोबर असेल तर ती स्वीकारली जाते आणि पाठविणाऱ्याचे नाव त्या कोडाच्या इतिहासात नोंदले जाते. प्रवेश-परीक्षा नाही, देणगी नाही, शिफारस नाही. लिनक्सच्या गाभ्यात आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांत एकही असा नाही की जो लिनक्सवर चालत नाही. एवढ्या अफाट कोडात दुरुस्त करावयाचे काम संपेल, अशी भीती नको.

आपल्या समाजातील पुष्कळ मुले दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकतात आणि अकरावीला एकदम इंग्रजी समोर आली की बावरतात. हुशार मुलेही मागे बसू लागतात. त्यांना मी सांगतो, दुरुस्तीच्या पत्रास अलंकारिक इंग्रजी लागत नाही. चार सरळ वाक्ये लागतात, पण ती खरी लागतात. हिशेब मात्र ज्या भाषेत विचार करता त्याच भाषेत करा. पाटीवरील अधिक-उणे सर्व भाषांत सारखेच आहे.

आरंभ कसा करावा? प्रथम सी भाषा नीट शिकावी. कर्निघन व रिची यांचे १९७८ मध्ये निघालेले पुस्तक अजूनही उत्तम आहे. मग जुन्या संगणकावर लिनक्स घालावे. दोन काल्पनिक यंत्रांत एनएफएस जोडावे. एका बाजूने फाइल उघडून ठेवावी, त्याच यंत्रावरून ती पुसावी आणि ते विचित्र नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. नंतर कोडातील एनएफएसची दालने उघडून एकच फंक्शन घ्यावे आणि एक महिना त्याचाच हिशेब मांडावा. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. बडनेऱ्यास, अकोल्यास अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या शाळांतील अकरावी-बारावीच्या मुलांना आठवड्यातून एक सायंकाळ दिली तरी पुष्कळ होईल.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी चार तास एकाच पानाकडे पाहत बसली आणि संध्याकाळी विचारल्यावर म्हणाली की आज काहीच सापडले नाही, तर रागावू नका. या कामात बहुतेक दिवस असेच जातात. या मार्गाने नोकरी खात्रीने मिळेल असे वचन मी देणार नाही. तसे वचन देणाऱ्या शिकवणी-वर्गांचे फलक शहरात पुष्कळ आहेत. मी एवढेच सांगतो की दुसऱ्याने लिहिलेले धीराने वाचणे, प्रत्येक वाटेचा हिशेब शेवटपर्यंत जुळविणे, आणि जे दिसले तेवढेच खरे म्हणून लिहिणे, ही सवय ज्याला लागली त्याला जगात कोठेही कामाला घेणारे भेटतात. मुलींच्या बाबतीत तर मी आग्रहाने सांगेन. या कामास घरातील एक टेबल, एक संगणक आणि विनाव्यत्यय दोन तास लागतात. पहिल्या दोन गोष्टी आपण कर्ज काढूनही आणतो. तिसरी फुकट आहे, पण मुलींना घरात तीच मिळत नाही. चहा कर, धाकट्याला घे, दार उघड, यांत तिचे दोन तास निघून जातात. ते तिला द्या.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही एक सूचना करतो. नवीन संगणक विकत घेण्यापूर्वी, कपाटात बंद पडलेले जुने संगणक बाहेर काढावेत. त्यांवर लिनक्स चालते. एक सर्व्हर, पाच-सहा जुनी यंत्रे आणि मधली तार, एवढ्यात आज सांगितलेले सर्व प्रयोग होतात. ती तार काढून पुन्हा लावण्याची परवानगी मात्र मुलांना असावी. ज्या प्रयोगशाळेत काही बिघडू देत नाहीत, तेथे दुरुस्ती शिकता येत नाही.

 विद्यार्थ्यांना काही विचारावयाचे असल्यास कार्यक्रमानंतर मी येथेच आहे. वही आणि पेन्सिल घेऊन यावे.

खुदा हाफिज.